छोट्या विमानाने दिवसभराची लांबची सहल : नियोजन कसं करता?

हळदगूळ

मुक्काम सॅन फ्रान्सिस्कोचा बे एरिया. पालो आल्टोच्या एका फ्लाइंग क्लबचं सेसना १७२ भाड्याने घेऊन उडवतो. लायसन्स मिळाल्यापासून गोल्डन गेटवरून चक्कर, हाफ मून बेला जाऊन परत, असलंच चालू आहे. तासाभरात घरी. आता जरा लांब जावंसं वाटतंय. सकाळी निघायचं, वाटेत डोळे भरून बघायचं, कुठेतरी उतरून जेवायचं, उजेडात परत.

निमित्त असं की आईबाबा सांगलीहून जुलैत येतायत, ऑक्टोबरपर्यंत आहेत. आम्ही दोघं आणि ते दोघं, असे चौघं. डोक्यात तीन जागा आहेत: लेक ताहो, बिग सरच्या किनाऱ्याने खाली सॅन लुई ओबिस्पो, आणि डेथ व्हॅली. आईला आंबा घाटातसुद्धा गाडी लागते, हे आधीच सांगून ठेवतो.

अशा सहली केलेल्यांनी सांगा, सुरुवात कुठून करता? नकाशापासून, हवेपासून, की जेवणापासून?

झंपू

आम्ही इथे गाडीच्या ईएमआयने वाकलोय आणि लोक विमानाने जेवायला निघालेत. जागा पकडून बसतोय, वाचायला मजा येणार.

सिएरा_सखी

हळदगूळ, सुरुवात वजनकाट्यापासून. थट्टा करत नाहीये.

१७२ ला सीटा चार आहेत म्हणून माणसं चार बसतातच असं नाही. क्लबचं विमान एस मॉडेल असेल तर कमाल वजन २५५० पौंड. त्यातून रिकाम्या विमानाचं वजन वजा करा. ते प्रत्येक विमानाचं वेगळं असतं आणि विमानातल्या कागदांवर लिहिलेलं असतं. उरतं ते माणसं, सामान आणि इंधन मिळून. टाक्या पूर्ण भरल्या की वापरता येणारं इंधन ५३ गॅलन, गॅलनला ६ पौंड, म्हणजे ३१८ पौंड तिथेच गेले. चौघांची वजनं खरीखुरी लिहा, बुटांसकट, मग बोलू. आईंना वजन विचारायचं काम सुनेने करू नये, मुलाने करावं.

कोपऱ्यातला_वाचक

सांगलीकर असून वडापवाल्यांकडून काही शिकला नाहीत? चार सीटा म्हणजे अकरा माणसं आणि टपावर दोन बोचकी.

हळदगूळ

@कोपऱ्यातला_वाचक, टपावर पंख आहे हो, बोचकी उडून जातील.

@सिएरा_सखी, वजनं घेतली. मी ८२ किलो, बायको ६३, बाबा ७८, आई ७०. एकूण २९३ किलो, म्हणजे ६४६ पौंड. पाणी, खाऊ, पिशव्या धरून ३० पौंड. विमानाच्या कागदावर उपयोगी वजन ८७० पौंड आहे.

सिएरा_सखी

झालं तर मग. ८७० मधून ६७६ गेले, राहिले १९४ पौंड, म्हणजे ३२ गॅलन. हे इंजिन तासाला साधारण ९ गॅलन पितं. नियमाने दिवसा अर्ध्या तासाचं इंधन शिल्लक लागतं. मी घरची माणसं बरोबर असताना पूर्ण तासाचं ठेवते, आणि तुम्हीही ठेवा. तो तास आणि सुरू करून चढायचं इंधन बाजूला काढलं की हातात सव्वादोन तासांच्या आसपास उड्डाण राहतं. सहल त्यात बसवायची. जिथे उतराल तिथे इंधन मिळायला हवं, आणि तिथेही टाक्या गळ्यापर्यंत भरायच्या नाहीत. पंपावरचा पोरगा सवयीने फुल करतो, त्याला आधीच गॅलन सांगा.

डेथ व्हॅली इथेच बाद. सरळ रेषेत अडीचशे नॉटिकल मैलांच्या वर आहे, मध्ये सिएरा नेवाडाचे डोंगर.

बोका

शिवाय जुलैत डेथ व्हॅली? तिथल्या फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ ला ५६.७ अंश सेल्सियस नोंदलंय. धावपट्टी समुद्रसपाटीच्या २१० फूट खाली आहे, उंची दाखवणारा अल्टीमीटर शून्याच्या खाली जातो, फोटो भारी येतो, हे सगळं खरं. पण ४५ अंशांत तापून विरळ झालेली तिथली हवा इंजिनाला सव्वातीन हजार फुटांवरची वाटते. तिकडे जायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत. आईबाबा तोवर सांगलीला हुरडा खात असतील.

दूरचा_प्रवासी

माझं मत वेगळं. सव्वादोन तास इंजिनाचे झाले, माणसांचे किती? १७२ मध्ये संडास नाही. साठीच्या पुढची माणसं आहेत. मी टाक्यांकडे बघतच नाही, दीड तासाच्या वर एक टप्पा ठेवत नाही. पायलट तरुण असतो, त्याला वाटतं सगळे तरुण आहेत. आमच्या सासऱ्यांना बेकर्सफील्डच्या अलीकडे 'अजून किती वेळ' असं दर दोन मिनिटांनी विचारायला लागलं, तेव्हा पहिली दिसली ती धावपट्टी पकडली. खालचा माणूस रेडिओवर विचारतोय काही अडचण आहे का, आणि मागून सासरे, 'सांग त्याला, आहे म्हणून!'

निघायच्या आधी चहा बंद. हे सांगलीच्या माणसाला कसं पटवायचं ते तुम्ही बघा.

झंपू

'सांग त्याला, आहे म्हणून' :हहपुवा:

हिशेबनीस

खर्चाचं काय? तासाचं भाडं बघून डोळे फिरले. चार जणांत वाटून घेतलं तर? किंवा मित्रांना न्यायचं आणि थोडे जास्त घ्यायचे, तुमचं फुकटात होईल.

बोका

@हिशेबनीस, नाही, असं करता येत नाही. प्रायव्हेट लायसन्सवर इंधन, तेल, विमानतळाचा खर्च आणि विमानाचं भाडं एवढंच वाटता येतं, आणि त्यातही पायलटने स्वतःच्या समान वाट्यापेक्षा कमी देऊन चालत नाही. चौघं असतील तर किमान पाव खर्च त्याच्या खिशातून. दोन डॉलर जास्त घेतले की तो धंदा झाला, त्याला कमर्शियल लायसन्स आणि बाकी पसारा लागतो. बाबांनी कौतुकाने 'सगळं मी देतो' म्हटलं तरी नाही म्हणायचं.

हिशेबनीस

म्हणजे जावयाला विमानात बसवून सासऱ्याने खर्च करायचा, ही जुनी रीत इथे चालत नाही म्हणायची.

रानवारा

ताहोबद्दल कुणीच बोलत नाहीये, म्हणून मी. एमराल्ड बे वरून जो दिसतो तसा रस्त्यावरून दिसत नाही. काठाला पाणी हिरवं, आत गेलं की एकदम गर्द निळं, मधे ते इवलंसं बेट. विमानाने सव्वा तास लागतो. गेलंच पाहिजे.

सिएरा_सखी

@रानवारा, जागेबद्दल दुमत नाही. चौघांना घेऊन, जुलैत, १७२ मधून, याला माझा विरोध आहे.

साउथ लेक ताहोचा विमानतळ ६२६९ फुटांवर आहे. त्या उंचीला हवेचं प्रमाण तापमान अडीच अंश धरतात. जुलैत दुपारी २८ असते. प्रमाणाच्या वरच्या प्रत्येक अंशाला १२० फूट धरा. म्हणजे तुमचं विमान जमिनीवर उभं असतानाच ९३०० फुटांवर असल्यासारखं वागणार. रनवे आठ हजार फुटांहून लांब आहे, त्यामुळे उडायला उडतं, आणि लोक फसतात ते इथेच. उडाल्यावर चढत नाही. मिनिटाला तीनशे फूट मिळाले तरी नशीब, आणि चहूकडे डोंगर. पालो आल्टोचा रनवे २४४३ फुटांचा आहे, पण समुद्राच्या पातळीवर, म्हणून तिथे हा प्रश्न कधी जाणवलाच नसेल. मिक्श्चर पातळ करून, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी करून, मगच टेकऑफ घ्यायचा, ही सवयसुद्धा समुद्रकाठी शिकलेल्यांना नसते.

ताहोला जायचं तर दोघांनी जा, सकाळी नऊच्या आत तिथून परत उडा. किंवा क्लबच्या डोंगरातल्या इन्स्ट्रक्टरला बरोबर घेऊन आधी एकदा शिकून या.

रानवारा

लोक जातात की पण रोज. इतकं घाबरवायची गरज नाही.

बोका

@रानवारा, सिएरामध्ये अनुभव कामाला येतोच असं नाही. स्टीव्ह फॉसेट आठवतो? एकट्याने, न थांबता बलूनमधून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस, २००२ साली. २००७ च्या सप्टेंबरात नेवाडातल्या एका रँचवरून सुपर डेकॅथलॉन हे छोटं विमान घेऊन सकाळी फेरफटका मारायला म्हणून गेला. अवशेष मिळाले ते वर्षभराने, मॅमथ लेक्सजवळच्या डोंगरात. चौकशीत निघालं की खाली ओढणारा वारा विमानाच्या चढायच्या ताकदीपेक्षा जास्त होता. त्याला उंचीवरच्या विरळ हवेची जोड.

डोंगराच्या ओळीच्या माथ्यावर वारा २५ नॉटच्या वर असेल तर मी सिएरा ओलांडत नाही. आणि ओलांडताना समोरून सरळ जात नाही, ४५ अंशांत तिरकं जातो, म्हणजे वाटलं तर लगेच मागे वळता येतं. आकाशात मसुरीच्या डाळीच्या आकाराचे, जागेवरून न हलणारे ढग दिसले तर त्या दिवशी गाडीने फिरा.

धुळेकर_पायलट

वाचून जीव जळतोय. मी धुळ्याला शिकलो. क्रॉस कंट्रीला निघायचं म्हणजे फ्लाइट प्लॅन, मग एडीसी नंबर, म्हणजे हवाई दलाची परवानगी, मग एफआयसी नंबर, म्हणजे फ्लाइट इन्फर्मेशन सेंटरचा, आणि ते सगळं हातात आल्यावर ढग आलेले असतात. तुम्ही लोक आयपॅडवर रेघ ओढता आणि निघता?

हळदगूळ

हो, हवा स्वच्छ असेल आणि डोळ्यांनी बघत जायचं असेल तर प्लॅन भरायचीसुद्धा सक्ती नाही. पण मी रेडिओवर फ्लाइट फॉलोइंग घेतो, म्हणजे कंट्रोलर रडारवर लक्ष ठेवतो आणि आसपासची विमानं सांगतो.

धुळेकर_पायलट

अवांतर : जेआरडींनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला पुस मॉथ आणलं, ते एकटेच आणि टपालाच्या पिशव्या. आज त्यांनाही एडीसी लागला असता.

सांताक्रूझकर

आता किनारा राहिला, आणि तो माझा रोजचा. जुलैत सकाळी किनाऱ्याने जायचं डोक्यातून काढून टाका. थंड पाण्यावरचं धुकं रात्री आत येतं, हाफ मून बे, मॉन्टरे सगळं झाकलेलं असतं. दुपारी विरळ होतं, कधी दिवसभर होतच नाही. वरून बघाल तर कापसाचा गालिचा, खाली बिग सरचा बिक्स्बी पूल आहे की नाही कळणार नाही. आणि इंजिन बंद पडलं तर त्या कापसातून खाली कुठे जाणार?

माझा मार्ग असा. जाताना आतून जा. सॅन होजेच्या पूर्वेने, मग सॅलिनास खोऱ्यातून खाली. वाटेत सॅलिनास, किंग सिटी असे विमानतळ पायाखाली येत राहतात. सकाळची हवा शांत असते, आईंना त्रास होणार नाही. सॅन लुई ओबिस्पोच्या अलीकडे पासो रोबल्सला उतरा. जेवा. येताना किनाऱ्याने या, दुपारी धुकं मागे सरल्यावर.

याला आणखी एक कारण आहे, कुणी सांगत नाही. किनाऱ्याने उत्तरेकडे येताना जमीन उजव्या हाताला असते. तुम्ही डावीकडे बसलेले, समुद्र तुम्हाला. उजवीकडच्या दोन्ही सीटांना मोरो रॉक, हर्स्ट कासल, पॉइंट सरचा दीपस्तंभ, बिक्स्बी, सगळं. आणि दुपारचं ऊन पश्चिमेकडून थेट कड्यांवर पडतं. सकाळी दक्षिणेला गेलात तर पाहुण्यांच्या बाजूला नुसतं पाणी आणि कडे सावलीत.

उंचीने या, साडेचार किंवा साडेसहा हजारांवर. हजार फुटाला साधारण दीड मैल तरंगत जाता येतं, म्हणजे किनाऱ्यापासून किती लांब राहायचं ते त्यावरून ठरवा. बिग सरला उतरायला सपाट जागा नाही. आणि सागरी अभयारण्याच्या आखलेल्या पट्ट्यांत हजार फुटांच्या खाली जायला बंदी आहे, त्यामुळे देवमासा दिसला म्हणून गोते मारू नका.

दूरचा_प्रवासी

@सांताक्रूझकर, हे पटलं. फक्त परतीचा वारा. उन्हाळ्यात दुपारी वायव्येकडून असतो, म्हणजे तोंडावर. पासो रोबल्सवरून मोरो बेला वळसा घालून पालो आल्टो म्हणजे दोनशेच्या जवळ मैल. ११० नॉटचे ९५ झाले की दोन तासांच्या वर जातं. सिएरा_सखीच्या सव्वादोन तासांत जेमतेम बसतंय आणि माझ्या दीड तासात अजिबात नाही. वाटेत वॉटसनव्हिलला थांबा. पाय मोकळे, बाकी सगळंही मोकळं.

सांताक्रूझकर

मान्य. वॉटसनव्हिलला धुकं असेल तर मॉन्टरेलाही असणार, तेव्हा पासो रोबल्समधून निघतानाच दोन्हीकडची हवा बघा. बंद असेल तर आल्या वाटेने आतून परत. सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावर उतरायची वेळ आली तर लक्षात ठेवा, तिथे २०२२ पासून शिसं असलेलं इंधन विकत नाहीत.

मुग्धा_जे

मी पायलट नाही, पायलटची बायको. मागच्या सीटवरून चार गोष्टी सांगते.

आईंना पुढे बसवा, उजवीकडे. मागे डोलतं जास्त आणि क्षितिज नीट दिसत नाही. तोंडात आलेपाक. हवेची नळी चेहऱ्यावर उघडी. फोनमध्ये बघायचं नाही. पिशवी हातात द्या पण 'उलटी झाली तर' म्हणून देऊ नका, 'कचऱ्याला' म्हणून द्या.

हेडसेट आधी घरी घालून बघा. आमच्या आत्याबाईंना वाटलं ते फक्त ऐकायला आहे, त्या टॉवरच्या बोलण्याच्या मधोमध 'अगं बाई, केवढं पाणी' म्हणत राहिल्या. तुमच्यातलं बोलणं आणि रेडिओ यात फरक असतो हे समजावून सांगा.

आणि दोन रात्रींची औषधं पिशवीत ठेवा. बीपीच्या गोळ्या घरी राहिल्या की पायलटला अंधारात, धुक्यात, काहीही करून घरी पोचावंसं वाटतं. गोळ्या आणि टूथब्रश जवळ असले की मोटेलात राहायला कुणाची ना नसते.

सिएरा_सखी

मुग्धा, शेवटचा परिच्छेद क्लबच्या भिंतीवर लावायला हवा. क्लबलाही विचारून ठेवा, विमान रात्री बाहेर राहिलं तर किमान किती तासांचे पैसे लावतात.

नको_ते_विचारतो

गाडीने किनाऱ्याच्या हायवे वनने का जात नाही? फुकटात दिसतं सगळं, थांबता येतं, पूल जवळून बघता येतो.

सांताक्रूझकर

जरूर जा, रस्ता जागेवर असेल तेव्हा. २०१७ च्या मे मध्ये मड क्रीकला अख्खा डोंगर समुद्रात उतरला, तिथला रस्ता २०१८ च्या जुलैत उघडला. आणि गाडीने वळणं किती? यांच्या आईंना आंबा घाट सोसत नाही.

हळदगूळ

सगळ्यांचे आभार, अर्ध्याहून जास्त गोष्टी डोक्यातच नव्हत्या. आता ठरतंय ते असं: जुलै सोडला. आईबाबा ऑक्टोबरपर्यंत आहेत, तर सप्टेंबरअखेर. सांताक्रूझकरांचा मार्ग, जाताना खोरं, येताना किनारा, मध्ये वॉटसनव्हिल. ताहो पुढच्या वर्षी, इन्स्ट्रक्टरबरोबर. त्याआधी एकटाच पूर्ण मार्ग करून येणार.

एक अडचण. आई पुढे बसली की बाबा रुसणार. एसटीच्या मिरज वर्कशॉपात आयुष्य गेलंय, त्यांना डायल बघायचेत.

सांताक्रूझकर

सप्टेंबरअखेर म्हणजे उत्तम, धुकंही कमी. बाबांना जाताना पुढे बसवा, येताना आईंना. शांत हवेत सकाळी आई मागे निभावून नेतील. फक्त जागा बदलल्यावर वजन आणि तोल परत मांडा.

पासो रोबल्सच्या विमानतळालाच एस्ट्रेला वॉरबर्ड्स म्युझियम आहे, जुनी लढाऊ विमानं, इंजिनं उघडून ठेवलेली. उघडं कधी असतं ते आधी बघा. बाबा तिथून हलायचे नाहीत.

बोका

निघायच्या आधीची तपासणी बाबांच्या हाताने करून घ्या. पंखाखालून इंधनाचा नमुना कपात काढायचा. निळा दिसला म्हणजे १००एलएल, छोट्या विमानांचं नेहमीचं इंधन. तळाला पाण्याचा थेंब आहे का ते उजेडात धरून बघायचं. तेलाची डिपस्टिक. एसटीवाल्याला हे सांगावं लागणार नाही, उलट तुम्हालाच दोन प्रश्न विचारतील. पण निघायला अर्धा तास जास्त धरा.

कोपऱ्यातला_वाचक

आणि बाबांनी 'हे इंजिन असं का वाजतंय' म्हटलं तर ऐका.

चिखलदऱ्याचा_चहा

उशिरा आलो. सिॲटलकडच्यांसाठी असाच धागा हवा. सॅन वॉन बेटं, फ्रायडे हार्बरला उतरून बंदरापर्यंत चालत जाऊन जेवण. इथे कुणी केलंय का?

दूरचा_प्रवासी

केलंय. नवा धागा काढा, तिथे लिहितो, इथे बिग सर चालू दे. तोवर एवढंच : पाण्यावरून जायचंय, लाइफ जॅकेट अंगात घाला, सीटमागे ठेवू नका. आणि उतरल्यावर फोन कॅनडाच्या टॉवरला लागतो, रोमिंग बंद करा.